भाऊबिजेचा सोऱ्या

“सोऱ्यावाले गेले?” माझा भाऊ वारल्याचं कळल्यावर माझ्या दिरांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला होता, मी जिन्यातच बसले होते आणि हे गृहस्थ हातात चहाचा कप घेऊन विचारत होते, सोऱ्यावाले गेले? बेचाळीस वर्षांच्या माणसाला एक नाव होतं. वसंत. मी त्याला दादा म्हणायचे. दीड महिना झाला, माझा राग उतरलेला नाही. तो उतरावा असं मला वाटतही नाही.

दादा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. आईवडील लवकर गेले. नाहूरच्या बैठ्या चाळीत त्यानेच मला वाढवलं, लग्न लावून मुलुंडला पाठवलं. कुणाचा स्टोव्ह बिघडो, कुणाचं कुलूप अडकून बसो, चाळीत हाक दादालाच. काम झालं की हात पुसून निघायचा, चहालासुद्धा थांबायचा नाही. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या कारखान्याला टाळं लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल करता करता दिवाळी आली. घरात दोन मुलं, पगाराचा पत्ता नाही. मी निरोप धाडला, ओवाळणी आणू नकोस, नुसता ये. पण रिकाम्या हाताने बहिणीकडे येईल तो दादा कसला...

भाऊबिजेला तो नाहूरहून चालत आला. मी ओवाळलं तसं त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू ताटात ठेवली. सोऱ्या होता. पितळी, घोटून लख्ख केलेला, दट्ट्याला लाकडी मूठ. चकतीतला तारा त्याने कानशीने एकेक टोक घासत काढला होता. आदल्या वर्षी सासूबाईंच्या जुन्या पत्र्याच्या सोऱ्यातून पीठ वरूनच बाहेर यायचं आणि माझ्या चकल्यांचे तुकडे पडायचे. त्यावरून घरात जे ऐकून घ्यावं लागलं ते मी दादाला रडत सांगितलं होतं. ते त्याने वर्षभर लक्षात ठेवलं. “आता तुटायची नाही बघ, शालू,” एवढंच म्हणाला.

भावजींनी सोऱ्या उचलला, हातावर तोलला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “कंपनीचं पितळ दिसतंय. टाळं लागायच्या आधीच बाहेर काढलंत वाटतं?”

घर हसलं. दादाचे कान लाल झाले. “पितळ घरचं आहे,” तो म्हणाला. फराळाची ताटली त्याने तशीच अर्धवट ठेवली.

त्या दिवसापासून आमच्याकडे दादाचं नाव सोऱ्यावाले पडलं आणि दर दिवाळीला तो विनोद ठरलेला. चकल्या मूठमूठ खायच्या आणि चोरीचा माल खुसखुशीत लागतो म्हणायचं. आणि म्हणणार कोण? ज्यांच्या मुलांच्या वह्यांना ऑफिसच्या कागदाची कव्हरं, ज्यांच्या कपाटात ऑफिसच्या पेन्सिली, कार्बन, टाचण्यांचे डबे! त्याला चोरी म्हणायची नाही, कारण ते टेबलाशी बसून नोकरी करतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. दादाचा कारखाना पुन्हा उघडलाच नाही. मिळेल त्या वर्कशॉपात तो राबला, छातीचं दुखणं अंगावर काढलं, आणि दर भाऊबिजेला न चुकता आमच्याकडे येऊन तो विनोद ऐकत राहिला.

तेरावा झाल्यावर मी आणि वहिनी दोघीच बसलो होतो. सात वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं, ते पितळ कुठलं होतं गं?

“वन्सं, तो तुमच्या आईंचा बंब होता.”

त्या साली घंगाळ, कळशी, परात, एकेक करून सगळी भांडी मोडीत गेली. शेवटी बंब निघाला. ज्या बंबातलं कढत पाणी आई नरकचतुर्दशीला आमच्या अंगावर ओतायची, तोच. दादाने आधी त्यातला निखाऱ्यांचा नळा कापून काढला आणि मगच बाकीचा बंब मोडीत जाऊ दिला. शालूला आईचं काहीच मिळालं नाही, म्हणाला. “मग सांगितलं का नाही त्याने?” मी विचारलं. वहिनी म्हणाली, “भावाने घरची भांडी मोडली हे तुमच्या सासरी कळलं, तर तुम्हालाच ऐकून घ्यावं लागलं असतं ना.”

घरी आल्या आल्या मी सगळ्यांसमोर भावजींना हे ऐकवलं. ते म्हणाले, अहो वहिनी, गंमत होती ती. गंमत! सात वर्षं एका सरळ माणसाला चोर म्हणायचं, तो मेल्यावरही म्हणायचं, आणि ही गंमत. मग मात्र मी तोंड आवरलं नाही. माझा आवाज त्या घराने पहिल्यांदाच ऐकला.

पण त्यांच्यावर ओरडून माझा राग संपत नाही, कारण त्यातला अर्धा माझ्यावरच आहे. एका दिवाळीला, कितवी ते आठवत नाही, त्या विनोदाला मीही हसले होते. सासरी वेगळं पडायला नको म्हणून हसले. दादा समोरच बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, ताटलीतली चकली तोडून तोंडात टाकली आणि मला म्हणाला, “झकास झाल्यात गं.”