दार उचलून लावावं लागतं

उपनगराच्या त्या टोकाला कुणाला घर घ्यायचं किंवा विकायचं असेल, तर किल्लीकाकांना गाठायचं. तीस वर्षं हाच धंदा. आता गुडघे कुरकुरतात, बोलून बोलून घसा बसतो, आणि 'हवेशीर' हा शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकला की त्यांना वीट येतो. पद्धत मात्र ठरलेली. गिऱ्हाइकाला बागेच्या बाजूने आणायचं, नाल्याच्या बाजूने कधीच नाही. आधी मागची खिडकी उघडायची, मग पुढचं दार. आणि दोषांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या वेळी घर सख्ख्या थोरल्या बहिणीचं होतं. ताई एकटीच राहायची. मागच्या महिन्यात चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडली, तेव्हा भाच्याने फोन करून सांगितलं, "मामा, घर काढून टाका. आई माझ्याकडे राहील." त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. ताई 'बरं' म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की काकांना तेव्हाच संशय यायला हवा होता.

कारण गिऱ्हाईक आलं की ताई खुर्चीतून उठायची आणि काठी टेकत स्वतःच घर दाखवायची. "या भिंतीला ओल येते. हे दार उचलून लावावं लागतं, नाहीतर अडकतं. वारा फिरला की नाल्याचा वास येतो. शेजारचा सुतार भल्या सकाळी रंधा मारायला बसतो." चार गिऱ्हाइकं आली तशी गेली. काकांनी हात टेकले.

"ताई, खाल्ल्या घरचे वासे मोजतेस तू."

"मग काय, खोटं बोलू? उद्या येणाऱ्याने मला शिव्या द्यायच्या का?"

पाचव्या खेपेला एक नर्सबाई नवऱ्याला घेऊन आली. ताईने सगळा पाढा वाचला, वर पदरचे दोन दोष घातले. नर्सबाईने शांतपणे ऐकून घेतलं, दार उचलून लावून पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, आम्ही बारा घरं पाहिली. खरं सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या. आम्हाला हेच घर हवं."

काकांचा जीव भांड्यात पडला. पण ताईकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पांढराफटक झाला होता.

नवराबायको गेल्यावर काका तिच्यासमोर बसले. शेकडो घरं विकली, पण घर सोडणाऱ्याला काय वाटतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नको असेल तर आत्ता सांग. नाही म्हणून कळवतो."

"आणि लेकाला काय सांगू? रोज काळजीने फोन करतो बिचारा. त्याचंही बरोबरच आहे." ताईने काठीने दार ढकललं. ते अडकलं. "इथं डोळे मिटून चालले तरी कळतं, कुठे पाय जपायचा, काय उचलून लावायचं. तिथल्या घराचा एकसुद्धा दोष मला माहीत नाही रे."

काका गुडघ्यांवर हात ठेवून उठले. दार उचललं, लावलं.

"उद्या जाऊन येऊ तिथं," ते म्हणाले. "एकेक दोष तुला दाखवतो. तीस वर्षं लपवत आलोय, शोधायला वेळ नाही लागायचा."