बीजगणिताची ट्रंक

बापलेक भांडत होते तेव्हा आई मागच्या दारी कपडे पिळत होती. दार लोटलेलं होतं, पण नवऱ्याचा आवाज असल्या दारांना कुठला जुमानतोय!

"नापास झालास ते झालास, वर कारण काय, तर सरावाला चांगली गणितं मिळाली नाहीत! गणितं काय झाडाला लागतात?"

"मिळाली असती तर पास झालो असतो," मुलगा म्हणाला.

पुढे नवरा गेला. ते भांडण मात्र मुलाने जिवापाड जपलं.

मुलगा कसाबसा पदवीधर झाला, चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागला, लग्नही झालं. तिथून सुटायचं तर पुढच्या शिक्षणाला प्रवेश हवा, प्रवेशाला परीक्षा, आणि परीक्षेत ते मेलं बीजगणित. झालं! स्वारी सरावाची गणितं शोधायला निघाली. कामावरून आला की मोबाईलमध्ये डोकं, मग कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. तो याला 'प्रोफेसर' म्हणायचा; गिऱ्हाईक टिकवायचं तर एवढं म्हणावंच लागतं. गरम गरम कागद घरी यायचे आणि पलंगाखालच्या ट्रंकेत निजायचे. तान्ह्या लेकराला कुणी इतकं हळू ठेवत नाही.

"अरे, एखादं सोडव की," आई म्हणायची.

"आई, आधी संच तर पुरा होऊ दे."

एकात उत्तरं होती पण रीत नव्हती. दुसऱ्यात रीत होती, उत्तरं नव्हती. तिसरा पोरखेळ, चौथा उगाच अवघड.

"मला बघायला आलात तेव्हा नाही केलीत एवढी चिकित्सा," सून म्हणाली.

यंदा ती हट्टालाच पेटली. "अहो, परीक्षेला बसा, नाहीतर ही ट्रंक रद्दीत." जेवणं उरकल्यावर तिने ट्रंकेतला हाताला लागेल तो कागद ओढला, त्याच्या पुढ्यात टाकला आणि दारातच बसली. पळायला वाट नव्हती. त्याने मान खाली घालून तीन गणितं सोडवली. सुनेने मागची उत्तरं पाहिली. तिन्ही बरोबर!

सून टाळ्या पिटायला लागली. आईने मात्र लेकाचं तोंड पाहिलं. चोरी सापडल्यासारखा पांढराफटक पडला होता. आता नापास झाला तर दोष द्यायला बिचारी गणितंसुद्धा उरली नव्हती.

परीक्षेच्या सकाळी सुनेने टोकं काढलेल्या पेन्सिली त्याच्या खिशात खोचल्या. आई खिडकीत उभी राहिली. कोपऱ्यावर डावीकडे बसथांबा, उजवीकडे झेरॉक्सवाला. लेक कोपऱ्यावर थांबला. घड्याळ पाहिलं. उजवीकडे वळला.

आईने ओठांवर आलेली हाक गिळली. बायको-संसार असलेल्या बाप्याला कान धरून शाळेत कसं धाडायचं?

तो परत आला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

"नवा संच आला होता. यात रीतही आहे आणि उत्तरंही," तो सुनेकडे न बघता म्हणाला. "तेवढ्यात तिकडे परीक्षेच्या शाळेचं फाटक बंद झालं."

"रद्दीवाल्याला संध्याकाळी बोलावते," सून म्हणाली.

"बरं."

तो वाकला, ट्रंक पुढे ओढली, कागद हळूच आत ठेवले आणि वरच्याचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला.