मामीचा ब्लाउजपीस

हिरड्याचा काढा उकळून उकळून माझी नखं कायमची काळपट झाली आहेत. जुन्नरच्या कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात मी हिरडा आणि कडुनिंबाच्या काढ्यात सुती कापड मुरवते, त्यावर जंतू वाढू नयेत म्हणून. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत ते वाढतही नाहीत. पण ताटलीला घाम येत नाही, आणि ती भातलावणीलाही जात नाही.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माझी मामी राहते. दर आवणीत, भाताची रोपं लावायच्या दिवसांत, तिच्या काखेत नि छातीखाली नायटा उठतो. दिवसभर अंगावर नायलॉनचं ओलं ब्लाउज. खाजवून खाजवून कातडी सोलवटते. हा सगळा खटाटोप मी खरं तर तिच्यासाठीच मांडला. मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मनासारखं कापड निघालं, तेव्हा ब्लाउजपीसाएवढं कापून, घडी घालून तिला नेऊन दिलं.

लावणी आटोपल्यावर गेले, तर मामी तशीच खाजवत होती. कापड कुठंय विचारलं. शेजारणीची लेक माहेरी आली होती, तिची ओटी भरली म्हणे त्यानं.

"एवढं चांगलं कापड चिखलात कुणी घालतं व्हय, बाय?"

मला रागही येईना, इतकी दमले होते. आलेला ब्लाउजपीस आपल्याकडे शिवतं कोण? तो या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतो. माझ्याच कपाटात गठ्ठा पडलाय, आणि मी शहाणी औषध घडी घालून द्यायला गेले!

यंदा ब्लाउज शिवूनच घेतलं. पण नवंकोरं दिसलं की मामी ते लग्नकार्यासाठी ट्रंकेत टाकणार, हे ठरलेलं. आमचं माप एकच, म्हणून आधी मीच घातलं. स्वयंपाक केला, बाहीला हळद लागू दिली, धुतलं, पुन्हा घातलं. दर धुण्याला पाणी पिवळट निघायचं. तो हिरडा होता. माझी मेहनत मोरीतून वाहून जाताना बघवत नव्हतं.

ऐन आवणीत घेऊन गेले. माझं जुनं आहे, होतंय का बघ, म्हटलं. मामी आत जाऊन लगेच घालूनच आली.

"ह्ये बरं झालं. कामाला लई उपेगी," म्हणाली आणि खाचराकडे निघाली.

मी उंबऱ्यावर टेकले. कापड एकदाचं तिच्या अंगावर होतं, आणि त्यात औषध किती उरलंय ते मला ठाऊक नव्हतं.