पिशवी कोणाच्या नावावर?

आमच्या ऑफिसात माणसं तीनच, पण डब्याआधी रोज एखादा किस्सा उघडतो! चंद्रपुरात आम्ही रक्तपेढीचं सॉफ्टवेअर बनवतो. रक्ताची कोणती पिशवी कोणत्या पेशंटसाठी राखायची, एवढंच त्याचं काम. पण एकाच वेळी दोघांनी मागितली की खरी मजा!

*

पहिल्याच टेस्टिंगमध्ये मी आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या प्रज्ञानं एकदमच बटण दाबलं. मी मूल गावच्या पेशंटसाठी, ती आरमोरीच्या. पिशवी एकच, आणि दोन्ही स्क्रीनवर ‘राखली’!

आमचे सिनियर सुधाकरभाऊ बघत होते. म्हणाले, “अर्धी-अर्धी पाजून राह्यले का?”

त्याच दिवशी लॉक लावला. एकानं पिशवी धरली की दुसऱ्यानं थांबायचं.

*

मग दोघीही थांबलो! मी रक्त धरून प्लाझ्माची वाट पाहतेय, प्रज्ञा प्लाझ्मा धरून रक्ताची. आम्ही चहा पिऊन आलो, तरी स्क्रीन तशाच.

प्रज्ञा म्हणाली, “हे तं माया दोन काकांसारखं झालं! आधी तो बोलन, मंग मी बोलीन!”

सुधाकरभाऊंनी नियम घातला: जो नंतर आला, त्यानं हातातलं सोडायचं आणि पुन्हा मागायचं.

प्रज्ञानं रविवारी हाच नियम धाकट्या काकांना सांगितला. सोमवारी पेढे घेऊन आली!

*

आरमोरीकडच्या दवाखान्यात कुंदाबाई टेक्निशियन आहेत. ट्रायलच्या पहिल्याच दिवशी त्यांचा फोन.

“एक पिशवी जुळली नाई, तं माया पेशंटचं नावच काऊन पुसलं? जित्ता हाये तो!”

चूक आमचीच. पेशंटचं सगळं काम आम्ही एकाच गाठोड्यात बांधलं होतं. मग आत प्रत्येक पिशवीचं वेगळं गाठोडं केलं. एक सुटलं तरी बाकीची शाबूत.

*

आठवड्यानं एका पेशंटचं ऑपरेशन रद्द झालं, पण त्याची पिशवी अडकूनच. आतलं गाठोडं आम्ही आधीच पक्कं करून टाकलं होतं!

“पेशंट घरी जाऊन जेवून राह्यला,” कुंदाबाई म्हणाल्या, “अन् त्याची पिशवी इथी फ्रीजमध्ये!”

आता बाहेरचं, म्हणजे पेशंटचं अख्खं काम पक्कं झाल्याशिवाय आतलं पक्कं होत नाही.

*

परवा दुपारी कुंदाबाईंकडे एक बाई बाळंतपणाला आली. तीन पिशव्या मागितल्या, तिसरी जुळली नाही. आम्ही तिघं श्वास रोखून स्क्रीनसमोर. फक्त तिसरी सुटली. दोन तिच्याच नावावर राहिल्या. सुटलेली पिशवी त्याच क्षणी मूलला थांबलेल्या पेशंटच्या नावावर लागली!

तासाभरानं फोन वाजला. मी लगेच उचलला.

“पोरी, एक अडचण हाये,” कुंदाबाई म्हणाल्या. “आली तवा पेशंट एक होती. आता तिघी झाल्या! बटन कुठी दाबू?”