कोरड्या धबधब्यावरची पोपटी

कुवेतच्या खोलीत बद्रुद्दीनने तीसेक वर्षं एका धबधब्याचं वर्णन करून सोबत्यांचे कान किटवले होते. पाणी कसं कोसळतं, तुषार कुठवर उडतात, समोरच्या माणसाचं बोलणं कसं ऐकू येत नाही, सगळं साग्रसंगीत. आणि गंमत अशी, की तो धबधबा त्याने कधी वाहताना पाहिलाच नव्हता. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, त्याची बायको ताहिरा आणि पनवेलजवळच्या नेऱ्याचा जगन.

कारण साधं होतं. लहानपणी पावसात तिकडे फिरकायला घरून बंदी, आणि मग कुवेत. बद्रुद्दीन तिथे एका गोदामात स्टोअरकीपर. जून-जुलैची सुट्टी वरचे साहेब आधीच वाटून घ्यायचे, याच्या वाट्याला उरायचा जानेवारी. तोही एक वर्ष सोडून. नेऱ्याच्या पुढच्या ज्या धबधब्यावर पनवेलकर पावसात जत्रेसारखे लोटतात, तिथे हा पठ्ठ्या पोचायचा तेव्हा कडा कोरडा ठणठणीत, कुंडात जेमतेम गुडघाभर पाणी आणि त्यात डुंबणाऱ्या म्हशी. भजीवाल्यांच्या टपऱ्यांचे बांबू तेवढे उभे असायचे. बाकी चिटपाखरू नाही.

पण त्याचा जीव याच कोरड्या जागेवर जडला होता, कारण तिथे पोपटी लागायची, मडक्यात भाजलेल्या शेंगांची.

विमानतळावरून पनवेलला आला, की चपला काढण्याआधी बद्रुद्दीन फोन लावायचा. "जगन, आलो रे!" बस्स, एवढंच. पुढचं सगळं जगनकडे. जगन म्हणजे त्याचा शाळेतला बाकावरचा जोडीदार, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. तो फोन आला की शेतातल्या वालाच्या शेंगा तोडायचा, बांधावरचा भांबुर्डा उपटून आणायचा आणि ठरलेलं काळंकुट्ट मडकं बाहेर काढायचा. कोंबडी मात्र बद्रुद्दीनची, पनवेलहून हलाल करून आणलेली, ताहिराने मसाला लावून डब्यात भरलेली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, ओवा, खडेमीठ, पुन्हा दडपून पाला. मग मडकं उलटं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. ना पाण्याचा थेंब, ना तेलाचा. शेंगांना घाम सुटतो आणि त्याच्यावरच सगळं शिजतं. बद्रुद्दीन दर खेपेला "झाली, झाली" म्हणून घाई करायचा आणि जगन दर खेपेला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मडक्यावर शिंपडलेलं पाणी चर्र वाजल्याशिवाय तो हात लावू द्यायचा नाही.

खाऊन झालं की जगन ते मडकं कड्यातल्या एका खोल कपारीत पालथं ठेवायचा. पावसात त्याच्यासमोरून अख्खा धबधबा कोसळायचा म्हणे. म्हणजे बद्रुद्दीनपेक्षा मडक्याने जास्त पाहिलं होतं. "पुढच्या खेपंला हाय," जगन म्हणायचा. "इन्शाअल्ला," बद्रुद्दीन म्हणायचा, आणि पुन्हा कुवेत.

गेल्या दिवाळीच्या सुमारास बद्रुद्दीन कायमचा घरी आला. जगन भेटायला आला, चहा प्याला, "आता काय, हाईस हितंच" म्हणाला आणि गेला. त्या वेळी बद्रुद्दीनला त्यात काही वावगं वाटलं नाही. जानेवारी लागला आणि तेच वाक्य त्याला सलायला लागलं.

फोन येईना. बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागले, कुठल्या कुठल्या फार्महाऊसवर पोपटीच्या पार्ट्या झडल्याचे फोटो नातीच्या मोबाइलवर आले, आणि जगनचा पत्ता नाही. ताहिरा म्हणाली, "तुम्हीच लावा की फोन."

"पोपटी त्याची. मी कसं सांगू, मला जेवायला बोलाव म्हणून?"

हे झालं वरवरचं. आत वेगळंच कुरतडत होतं. इतकी वर्षं तो पाहुणा होता. येताना जगनला टॉर्च आणायचा, अत्तर आणायचा, एकदा तर चांगलं जाडजूड ब्लँकेट. आता हातात काही नाही, अंगावर परदेशाचा वास नाही. रोज रिकाम्या हाताने पनवेलच्या बाजारात हिंडणाऱ्या म्हाताऱ्याला पोपटीला कोण बोलावतो? आपली दोस्ती जगनशी होती की त्या टॉर्चशी, हा विचार मनात आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण विचार काही जाईना.

फेब्रुवारी उजाडला. एका सकाळी भाजी आणतो म्हणून तो बाहेर पडला आणि सरळ नेऱ्याच्या रिक्षात बसला. जगनच्या घरी जायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं. फक्त कपारीत बघायचं. मडकं असलं तर आपण अजून त्याच्या मनात आहोत. नसलं तर विषय संपला.

धबधब्याकडची पायवाट सुनसान होती. पावसाळ्यातली "येथे पोहू नये"ची पाटी उन्हाने विटली होती. दूरवर डोंगर स्वच्छ दिसत होते, हवेत गवत वाळल्याचा वास होता. धापा टाकत बद्रुद्दीन कड्यापाशी पोचला आणि कपारीत हात घातला.

मडकं नव्हतं.

त्याने पुन्हा चाचपून पाहिलं. मग तो एका गोट्यावर बसला. परदेशात आयुष्य काढलेल्या माणसाला एकटं बसायची सवय असते, पण इतकं एकटं त्याला तिथेही कधी वाटलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तो उठला, आणि मग एकदम संतापला. निदान तोंडावर विचारू तरी, म्हणून ताडताड जगनच्या घरी गेला.

ओट्यावर जगन बसला होता. शेजारी मडकं, घासूनपुसून उताणं ठेवलेलं.

"आता तोंड दाखवतोस?" बद्रुद्दीनने तोंड उघडायच्या आधीच जगन कडाडला. "संक्रांतीच्या आधीपासून मडकं काढून बसलोय! दोनदा शेंगा तोडल्या, दोनदा घरात भाजी केली. सून हसते मला. फोन कुठंय तुजा?"

"माझा फोन? तू बोलवायचं सोडून..."

"मी कंदी बोलवलाय तुला? तू 'आलो रे' म्हनतोस, मंग मी शेंगा तोडतो. हीच रीत नाय का आपली?"

खरंच की. जगनने त्याला आजवर एकदाही बोलावलं नव्हतं.

"अरे, पण मी गेलोच नव्हतो कुठे. आलो म्हणून कसं सांगू?"

जगनने डोकं खाजवलं. "मला वाटला, आता तू घरचा झालास, चार मानसांत बसनारा. गोट्यांवर बसून खायला येतोस का नाय, कोन जाने."

बद्रुद्दीनला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. जगनने आणखी एक शिवी दिली आणि कोयता घेऊन तो शेतात उतरला.

त्या दिवशीची पोपटी काही खास झाली नाही. हंगाम सरत आला होता, शेंगा निबर, कोंबडी नाहीच. अंडी आणि बटाट्यांवर भागवलं. बद्रुद्दीनने घाई केली, जगनने सात पिढ्या काढल्या. उन्हं कलताना जगनने मडकं कपारीत ठेवलं आणि सवयीने म्हणाला, "पुढच्या खेपंला..." आणि अडखळला.

"पावसात येतो," बद्रुद्दीन म्हणाला. "याच्यासमोरून पाणी कसं पडतं ते बघायचंय एकदा. लोकांना फार थापा मारल्यात."

"ये. गर्दी आसते, पन ये." रिक्षापर्यंत सोडायला आलेला जगन म्हणाला, "पोचलास का फोन कर."

पनवेलच्या घरात शिरताच ताहिराने विचारलं, "भाजी कुठाय?" बद्रुद्दीनने हातानेच थांब म्हटलं. चपला पायातच होत्या.

"जगन, आलो रे!"



"आलास नं?" जगन म्हणाला. "मंग उद्या शेंगा तोडतो. कोंबडी घेऊन ये."