एका खुर्चीचं पार्लर

कचऱ्याची पिशवी ती उजेडाकडे धरायची, डॉक्टर एक्सरे धरतात तशी. मग म्हणायची, “ओकुसान, आज प्लास्टिकचा वार नाही.” ओकुसान म्हणजे आपल्याकडचं वहिनी, आणि तिथं प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला. पिशवी माझीच असायची, हे सांगायला नको.

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी यजमानांच्या बँकेनं आम्हाला तिथल्या उरायासु गावी आणलं. जमिनीतून उसळलेल्या वाळूनं वाकडे झालेले फुटपाथ अजून तसेच होते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तिचं एका खुर्चीचं पार्लर. उंच, खांदे रुंद, आवाज जाडा, लिपस्टिक मात्र रेषेबाहेर कधी गेली नाही. मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे अगदीच अजाण. ही बाई की बाप्या, याचा छडा लावायला केस कापायच्या निमित्तानं गेले आणि आरशातून तिचा गळा न्याहाळत बसले. तुम्हीही बसला असता. उगाच साळसूदपणा नको.

कात्री थांबली. “झालं बघून? आता मान खाली.”

लाज वाटली, पण केस इतके सुरेख कापले होते की दर महिन्याला जाऊ लागले. सरकारी कागदावर आपण अजून पुरुषच आहोत, हे तिनंच एकदा सांगितलं. बदलायचं तर आधी शस्त्रक्रिया करून या म्हणतात, म्हणाली, आणि माझ्या मानेवरचे केस झटकले.

एकदा सकाळी साडेपाचला मी चुकीच्या वाराची पिशवी गुपचूप ठेवायला खाली उतरले. ती एका हातात झाडू धरून, कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून लावलेली जाळी नीट करत होती, म्हणून मी सायकलींमागे दडले. तेवढ्यात शेजारच्या इमारतीतला एकजण झिंगत आला. काहीबाही बोलला, तिला केस धरून भिंतीवर आपटलं, गळा दाबला. तिनं हातातल्या झाडूचा दांडा मारला. एकदाच. त्याचं कपाळ फुटलं. आणि मी? पिशवी छातीशी धरून बसून होते.

कुणीतरी बोलावलेल्या पोलिसांनी तिचं ओळखपत्र पाहिलं. दोन पुरुषांची मारामारी, कपाळ एकाचं फुटलेलं, म्हणजे गुन्हेगार दुसरा. तो घरी गेला. ती पुरुषांच्या कोठडीत.

तीन दिवस मी गप्प. परका देश, यजमानांची नोकरी, असं स्वतःला समजावत होते. खरी धास्ती वेगळीच: साडेपाचला तिथं काय करत होता, असं विचारलं तर? शेवटी यजमानच म्हणाले, “अगं, कचऱ्यासाठी फाशी देत नाहीत.” मग मी पोलीस चौकीत गेले.

विचारलंच. पिशवीची हकीकत अधिकाऱ्यानं तपशीलवार लिहून घेतली. त्या माणसानं तिचा गळा दाबला, इथं आल्यावर त्याचं पेन थांबलं.

“पण तो पार्लरवाला पुरुष आहे ना, ओकुसान? जोर लावून सुटला असता.”

“गळा बाईचाच आहे,” मी म्हटलं. “दर महिन्याला बघते मी.”

त्यानं ते लिहिलं की नाही, कोण जाणे. आठवड्यानं तिला सोडलं. खटला नाही, पण त्या माणसाची लेखी माफी मात्र तिनंच मागायची होती. तिनं मागितली. मग घरमालकानं गाळा रिकामा करायला सांगितला.

ती कधी गेली ते कळलंही नाही. फर्निचरसारखा मोठा कचरा टाकायच्या सकाळी तिची खुर्ची जाळीशेजारी उभी दिसली. वार बरोबर. कचऱ्याचे पैसे भरल्याची चिठ्ठी सरळ चिकटवलेली, आणि तिच्यावर नाव: पोलिसांनी पुकारलेलं नव्हे, पार्लरच्या दारावर होतं ते.

मी त्या खुर्चीत जाऊन बसले. कचऱ्याची गाडी आली तरी उठले नाही. गाडीवाला बघतच राहिला.

“झालं बघून?” मी चक्क मराठीत म्हटलं, आणि मान खाली घातली.