सन्मानभिंत आणि आमचे साडू

मोठेपणा या गोष्टीवर आमच्या साडूंइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. कुणाचीही तारीफ सुरू झाली, की त्यांच्या कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांत आठ्यांची भर पडते आणि ते "पण" म्हणतात. आंबा गोड असतो, पण त्याची साल जाड असते. डॉक्टर हुशार असतो, पण त्याचं अक्षर वाईट असतं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा थोरले जावई म्हणून सासऱ्यांनी त्यांचं मत विचारलं. माझं शिक्षण, नोकरी, घरदार सगळं शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "वाईट न्हाय. पण पयला नंबर म्हणता यायचं न्हाय." सासरे बिचारे कितीतरी दिवस बेचैन होते. पुढे भर मांडवात मला बाजूला घेऊन साडूंनी समजूत काढली, "मनाला लावून घिऊ नगा, पाव्हणं. पयला नंबर म्या सोताचा बी धरत न्हाय." त्यानंतर माझ्या नशिबानं माझी नोकरी लोहाऱ्याच्याच कॉलेजात लागली, आणि त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर भूगोल शिकवत मी आजतागायत दुसऱ्या नंबरचा जावई म्हणून नांदतो आहे.

मी त्यांना अण्णा म्हणतो. बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. पण ते दुकान कमी आणि खो-खोचं मैदान जास्त. तरुणपणी अण्णा गावच्या संघातून खेळायचे. ते कसे खेळायचे असं विचारलं तर म्हणतात, "बरा व्हतो. पण लई बरा न्हाय." खेळ सुटला, बोलणं सुटलं नाही. एखादा जुना सामना आठवला की ते गल्ल्यावरच्या फळीवर आठ तांबे एकाआड एक तोंडं फिरवून बसवतात, दोन टोकांना दोन पेले म्हणजे खांब, आणि हातात एक फुलपात्र घेऊन त्याला या तांब्यांमधून नागमोडी पळवत राहतात. एकदा एक बाई मुलीच्या रुखवतासाठी तांबे घ्यायला आल्या होत्या. त्यांनी नेमका मधला तांबा उचलला. अण्णा कळवळून म्हणाले, "मावशी, थांबा जरा. त्येला आत्ताच खो मिळालाय." मावशी थांबल्या नाहीत. शेजारच्या दुकानातून त्यांनी सगळं रुखवत घेतलं. अण्णांना त्याचं काही नाही. त्यांना वाईट एवढंच वाटलं, की डाव अर्धवट राहिला.

अशा माणसाच्या हाती सन्मानभिंत देण्याची दुर्बुद्धी आमच्या क्रीडा मंडळाला का झाली, हे मला अजून उमगलेलं नाही. त्याचं झालं असं, की मंडळानं मैदानाच्या कडेला पत्र्याचा एक हॉल बांधला. त्याच सुमारास टीव्हीवर खो-खोची व्यावसायिक लीग दिसायला लागली होती आणि गावाला आपल्या जुन्या खेळाडूंची एकाएकी आठवण झाली. अध्यक्षांनी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. परदेशात म्हणे व्यावसायिक फुटबॉलवाल्यांचं एक सन्मान दालन असतं, तिथं थोर खेळाडूंचे पुतळे बसवतात, आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, यावरून लोक वर्षभर कचाकचा भांडतात. हे ऐकून अण्णा प्रथमच खुलले. "भांडतेत व्हय? मग चांगली सोय हाय," असं म्हणून त्यांनी पाठिंबा दिला. पुतळे काही आपल्याला झेपायचे नाहीत, तेव्हा हॉलच्या एका भिंतीवर फोटो लावायचे ठरलं. निवड समिती नेमली. तीत अण्णा जुने खेळाडू म्हणून आले आणि मी आलो तो मला खो-खोतलं ओ की ठो कळत नाही म्हणून. तटस्थ माणूस हवा होता म्हणे. जत्रेत पालखीचा पहिला खांदा कुणाचा हे आमच्याकडे सगळ्यांनी "व्हय" म्हटल्याशिवाय ठरत नाही. एक जण जरी गप्प बसला तरी पालखी जागची हलत नाही. तीच चाल समितीला लावली. तिथंच आम्ही फसलो, कारण पालखीच्या वेळी मागं ढोल थांबलेले असतात, माणसं उन्हात उभी असतात, त्यामुळं विरोध करणाऱ्यालाही लवकर दया येते. हॉलमध्ये पंखा होता.

जत्रेच्या आधी दर वर्षी बैठक बसायची आणि अण्णा एकेकाला बाद करायचे. एक जण खांबावरून अप्रतिम सूर मारायचा, "पण पडल्यावर उठायला येळ लावायचा." दुसरा डाव्या-उजव्या दोन्ही अंगांनी हुलकावणी द्यायचा, "पण त्येला सोताला बी कळायचं न्हाय कुटं चाललाय." तिसरा राज्याच्या संघातून खेळलेला; "त्ये राज्याचं नशीब. त्यात त्येचं काय?" एका दिवंगत खेळाडूचं नाव निघालं, तर त्याच्याच मुलानं आणून दिलेला चहा पीत हे म्हणाले, "मेला म्हणून मोठा झाला का?" मी मान खाली घातली. पण संध्याकाळी कामानिमित्त त्या मुलाच्या घरावरून जात होतो, तर आतून अण्णांचा आवाज. घरातली सगळी पोरंबाळं गोल बसवून ते त्या मयत माणसाची एक धाव सांगत होते, आणि फुलपात्राऐवजी त्या घरातल्या लहानग्या नातवालाच खांद्याला धरून नागमोडी पळवत होते. ही त्यांची रीतच. बैठकीत ज्याला पाडतील, त्याच्या घरी संध्याकाळी जाऊन त्याची आरती ओवाळतील. "मग हेच बैठकीत का नाही बोललात?" मी चिडून विचारलं. "बैठक निवडाय असती, पाव्हणं. कवतिक कराय न्हाय," ते म्हणाले. 

शेवटी एका वर्षी अण्णा हुमनाबादला लग्नाला गेले आहेत असं पाहून आम्ही घाईघाईनं बैठक घेतली आणि महादू मास्तरांची निवड उरकून टाकली. मास्तर गावच्या संघातले जुने खेळाडू; सज्जन, निवृत्त, ठणठणीत. फोटो मोठा करून आणला, भिंतीवर लावला, झेंडूचा घसघशीत हार घातला, उदबत्ती लावली. आपण काय केलं हे आमच्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. दुसरा दिवस बाजाराचा. हॉलचं दार उघडं. भाजी घेऊन जाणाऱ्या माणसांनी हार घातलेला फोटो पाहिला, उदबत्ती पाहिली, आणि जो तो हळहळत पुढे गेला. दुपारपर्यंत बातमी भूमला मास्तरांच्या भावकीत पोचली. मास्तर ओसरीवर भाकरी खात बसले होते, तेव्हा जीप भरून बायका आल्या आणि कोपऱ्यावरूनच त्यांनी हंबरडा फोडला. मास्तर तोंडातला घास तसाच ठेवून "कोण गेलं, कोण गेलं?" करत बाहेर आले. त्यांना पाहून त्यांची मावसबहीण चक्कर येऊन पडली. त्याच संध्याकाळी मास्तरीणबाई स्वतः हॉलमध्ये आल्या, स्टुलावर चढल्या आणि नवऱ्याला भिंतीवरून उतरवून घरी घेऊन गेल्या. लग्नाहून परतलेल्या अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "म्या असतो तर मास्तर वाचला असता."

भिंत पुन्हा मोकळी झाली. पुढच्या वर्षापासून जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा नाही एवढी सुधारणा आम्ही केली, पण फोटोच नव्हता. खरं तर एका नावाबद्दल गावात कुणाचंच दुमत नव्हतं, अण्णा सोडून. ते नाव दत्तूचं. दत्तू एसटीत ड्रायव्हर होता, आता निवृत्त. त्याच्यासारखा पळणारा या भागात झाला नाही असं शत्रूही सांगतात. आणि तो अण्णांचा बालमित्र. रोज संध्याकाळी दुकानापुढच्या बाकावर दोघं शेजारी बसणार, एका कपातला चहा बशीत ओतून अर्धा अर्धा पिणार आणि भांडणार. भांडण ऐन तारुण्यातल्या एका अंतिम सामन्याचं. ढोकीच्या संघाविरुद्ध शेवटचा डाव, आपला एकटा दत्तू उरलेला, वेळ संपत आलेली. ढोकीच्या गड्यानं खांबावरून सूर मारला. धुळीत पंचांना काही दिसलं नाही, शिट्टी वाजली, लोहारा जिंकलं. पण अण्णा नुकतेच बाद होऊन त्या खांबाजवळच बसले होते. त्यांचं म्हणणं, त्या गड्याचा हात दत्तूच्या पाठीला लागला होता. दत्तूचं म्हणणं, नव्हता. "लागला व्हता." "न्हाय लागला." मला वाटतं दोघांचेही केस या दोन वाक्यांत पिकले. आमची अक्का, म्हणजे माझी मेहुणी, आतून म्हणायची, "ह्या दोगांचंच लगीन लावाय पायजे व्हतं. म्या मदी फुकट आले."

गेल्या वर्षी मात्र दत्तूच्या गुडघ्यांनी पार असहकार पुकारला. पुण्याच्या मुलीनं निक्षून सांगितलं, जत्रा झाली की माझ्याकडं यायचं, कायमचं. एक दिवस तो काठी टेकत माझ्या घरी आला. "सर, औंदा तरी माजं जमवा," तो म्हणाला. मी म्हटलं, "दत्तूभाऊ, सगळं गाव तुम्हाला मानतं. फोटो असला काय, नसला काय." तर म्हणाला, "तसं न्हाय. पुण्यात मला कोण वळकतंय? हितं भितीवर असलो म्हंजी गावातच हाय असं वाटंल." मला त्या माणसाची दया आली आणि साडूंचा असा संताप आला, की तसाच उठून दुकानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना खडसावलं. तुमचा जिवाभावाचा मित्र कायमचा चाललाय, त्याची एवढी एक हौस तुमच्या एका शब्दावर अडली आहे, तुम्हाला काही वाटतं की नाही? अण्णा पातेलं पुसत होते. पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसत म्हणाले, "लागला व्हता, पाव्हणं." मी जेवायचा आग्रह झुगारून घरी आलो.

बैठकीच्या दिवशी चौघांनी "व्हय" म्हटलं. मीही म्हटलं. अण्णा पंख्याकडे पाहत बसले. तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. उमेदवारानं समितीपुढं यायचं नसतं, पण दत्तूला हटकायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. तो आत आला, खुर्चीचा आधार घेऊन उभा राहिला आणि सगळ्यांना म्हणाला, "म्या सांगायला आलोय. ह्यो इतकी वर्सं म्हणायलाय ते खरं हाय. लागला व्हता हात. माज्या पाटीला लागला व्हता. आता तर झालं?"

मला वाटलं, जिंकले एकदाचे आमचे साडू. पण त्यांचं तोंड पाहिलं तर दिवाळं निघाल्यासारखं झालेलं. ते ताडकन उठले. "न्हाय लागला," ते म्हणाले.

"आरं, लागला व्हता म्हणतोय की म्या," दत्तू म्हणाला.

"तुला काय कळतंय? पाट तुजी, पण डोळे माजे व्हते. म्या खांबापाशी बसलो व्हतो. येवढं अंतर व्हतं." त्यांनी दोन बोटांत अंतर दाखवलं. रागाच्या भरात त्यांच्या तोंडी कानडी आलं. "इल्ला. न्हाय लागला."

मग जे सुरू झालं ते सांगायची सोय नाही. जन्मभर ज्यानं जे म्हटलं, त्याच्या नेमकं उलट तो आवेशानं म्हणत होता, आणि दोघंही मुद्दे मात्र एकमेकांचेच चोरून वापरत होते. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. अखेर न राहवून मी ओरडलो, "अण्णा, लागला नव्हता ना? मग फोटोला हरकत काय तुमची?" ते थांबले. दत्तूकडं न बघता, अगदी हळू म्हणाले, "हरकत न्हाय. लावा." आणि चपला घालून निघून गेले. त्यांना जाताना पाहून मला समजलं, की ज्या हरकतीवर मी इतकी वर्षं दात-ओठ खात होतो, ती त्या दोघांची रोजची संध्याकाळ होती. ती मिटली की बाकावर एकानंच बसायचं होतं.

फोटो लागला. दत्तूनं तो पाहिला, काचेवरून हात फिरवला आणि जत्रेनंतर मुलगी न्यायला आली. आम्ही स्टँडवर गेलो. अण्णांनी त्याची पिशवी वर ठेवली, त्याला खिडकीशी बसवलं, एसटीचं सीट कसं मोडकं आहे ते कंडक्टरला ऐकवलं आणि खाली उतरून उभे राहिले. गाडी सुरू झाली तेव्हा दत्तूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आरं, खरं खरं सांग आता. लागला व्हता का न्हाय?"

अण्णा गाडीबरोबर दोन पावलं चालले. मग म्हणाले, "आलास की सांगतो."

दत्तू हसला. गाडी वळणावरून गेली तरी आमचे साडू तिथंच उभे. परत येताना काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "दिवाळीला येतीलच दत्तूभाऊ." उरलेल्या रस्त्यावर आता याला फाटे फुटतील, पुण्याची माणसं, गुडघे, एसटीची गर्दी, सगळं निघेल, म्हणून मी वाट बघत राहिलो.

"व्हय," ते म्हणाले.

एवढंच. माझ्या कुठल्याही बोलण्याला त्यांनी दिलेला तो पहिला बिनशर्त होकार, आणि तो मला मुळीच आवडला नाही.